तोंडात लावायचं मलम

घरात दोनच माणसं उरली होती, सून आणि सासरे. ज्याच्यामुळे ती एकमेकांची कोणीतरी झाली होती, तो मधला माणूस तीन वर्षांपूर्वी बसची वाट बघत उभा असताना छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. भेटायला आलेली माणसं पांगल्यावर नणंदेनं विचारलं होतं, "वहिनी, तू आता काय करणार?" आणि ती म्हणाली होती, "तात्यांना कोण बघणार?" तिनं खरोखरच विचारलं होतं. सगळ्यांनी ते उत्तर म्हणून घेतलं आणि विषय तिथंच मिटला.

सासरे तिला सूनबाई म्हणत, म्हणून जिन्यातले सगळेच तिला सूनबाई म्हणायला लागले, दूधवालासुद्धा. ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथं गाड्या भरभरून यायच्या. धुऊन पिळून निघालेल्या चादरी तापलेल्या रोलरमधून पलीकडे सपाट होऊन पडायच्या आणि दोन-दोन बायका चार टोकं धरून त्यांच्या घड्या घालायच्या. त्या घडीवाल्या बायकांची ती मुकादम. दिवसभर उभं राहायचं, वाफ खायची, आणि कोणाची घडी तिरकी पडली की तोंड वाजवायचं. संध्याकाळी घरी येईपर्यंत पाय असे टम्म सुजलेले असायचे, की चपलेचा पट्टा कातडीत रुतून बसायचा.

तात्या शहात्तर वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. "हजारो माणसांना मी वर पाठवलंय," ते नव्या माणसाला हमखास सांगायचे, "पण सगळीच्या सगळी परत खाली आली." स्वतःच आधी हसायचे. घरात त्यांचा त्रास असा नव्हता. सूनबाई कामावरून यायच्या आत भाजी चिरून ठेवायचे, चहाचं आधण टाकून ठेवायचे, गळका नळ, सैल बिजागरी, सगळं तेच बघायचे. दोघं फार बोलत नसत, पण एकाच खोलीत बसून गप्प राहणं त्यांना चांगलं जमायचं.

तात्यांना मधुमेह पंधरा वर्षांचा आणि ब्लडप्रेशर त्याहून जुनं. गोळ्यांच्या बाबतीत सूनबाई कोणाचं ऐकून घेत नसे. कामावर निघायच्या आधी साखरेची गोळी ती स्वतःच्या हातानं द्यायची, मग अर्ध्या तासानं नाश्ता, मग ब्लडप्रेशरची. तात्या कधी म्हणायचे, "ठेव तिथं, घेतो मी नंतर." ती ग्लास धरून तशीच उभी राहायची. बाकी कशात हयगय झाली असेल, पण त्या गोळीत तीन वर्षांत एका दिवसाचाही खाडा नव्हता.

मग कवळी आली. जुनी कवळी बोलताना टकटक वाजायला लागली होती, म्हणून नवी करून घेतली. ती वरच्या हिरडीला काचली. हिरडी लालबुंद झाली, आणि त्यावर पांढरा थर धरला. दातांच्या डॉक्टरनं आरसा घालून बघितलं आणि सांगितलं, तोंडात बुरशी धरलीय, घाबरण्यासारखं काही नाही. एक मलम लिहून दिलं. दिवसातून चार वेळा बोटानं लावायचं, जमेल तितका वेळ तोंडात धरायचं. बाहेर पेशंटची रांग होती. दुसरं काय काय घेता, हे त्यानं विचारलं नाही, आणि दातांच्या डॉक्टरला साखरेचं काय सांगायचं, असं वाटून तिनंही सांगितलं नाही. दवाखान्याच्या खालीच औषधाचं दुकान होतं. तिथून तिनं मलमाची ट्यूब घेतली आणि दोघं घरी आली.

पहिले चार-पाच दिवस बरे गेले. मग एक दिवस, सकाळचे साडेदहा झाले असतील, लाँड्रीच्या ऑफिसातला कारकून रोलरच्या आवाजावर आवाज चढवून ओरडत आला. "मुकादम, तुमच्या घरून फोन!"

फोनवर शेजारीण होती. "सूनबाई, तात्या असं काय करतायत गं? मघापासून जिन्यात उभे आहेत. मला म्हणतात, तू माझी पक्कड चोरलीस. मी आणि पक्कड! शिव्या दिल्या मला."

"तात्यांनी? शिव्या?"

"मग काय सांगतेय? आणि शर्ट बघ त्यांचा, पिळून काढावा असा भिजलाय."

सूनबाई अर्धी सुट्टी टाकून घरी पोचली, तेव्हा तात्या टेबलाशी बसून, तिनं झाकून ठेवलेलं जेवण जेवत होते. जरा दमलेले दिसत होते, इतकंच. "तू एवढ्यात कशी?" त्यांनी विचारलं. पक्कडीचं काढलं, तर त्यांचा चेहरा उतरला. "मी असं बोललो? तिला?" संध्याकाळी ते स्वतः शेजारणीकडे जाऊन माफी मागून आले.

एकदा झालं असतं तर विसरूनही गेलं असतं. पण आठवड्यात दोनदा, मग एक दिवसाआड असं व्हायला लागलं. कधी नळ सोडून ठेवला आणि स्वयंपाकघरभर पाणी. कधी शेजारणीला म्हणाले, "मुलगा शाळेतून आला का?" एकदा पलंगावर बूट घालून झोपलेले सापडले, हाक मारली तर बोबडं बोलले. खालच्या मजल्यावरच्या माणसानं जिन्यात सूनबाईला गाठून हळूच विचारलं, "तात्यांना प्यायची सवय आहे का हो?" तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि लगेच दुसरा विचार आला तो असा, की पीत असते तर बरं झालं असतं. ते सोडवता तरी आलं असतं.

दर वेळी तेच. सकाळी दहा-अकराला फोन, धावपळ, आणि संध्याकाळी घरी यावं तर तात्या निम्म्याहून अधिक ठीक. ऑफिसातला कारकून आता तिला हाक मारताना ओरडायचा नाही, नुसता दारात उभा राहून मान हलवायचा. ते तिला जास्त लागायचं.

तिनं नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कामामुळे संध्याकाळचीच मिळण्यासारखी होती. डॉक्टर वयस्कर, शांत, तात्यांना वीस वर्षं ओळखणारे. त्यांनी तात्यांना आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले. तात्यांनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर विचारलं, "आता पास केलंत की पुढच्या वर्षी परत बसू?" बोट टोचून साखर बघितली. एकशे चार.

"एवढी छान साखर माझीसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "नवीन काही औषध सुरू केलंय का मधल्या काळात?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

तिला खरंच तसं वाटत होतं. औषध म्हणजे गोळी, औषध म्हणजे इंजेक्शन, फार तर बाटलीतलं पातळ. दातांचं ते दातांचं. ते डब्यात गोळ्यांबरोबर नव्हतंच मुळी, मोरीत ब्रशच्या ग्लासात उभं होतं.

डॉक्टरांनी तात्यांना बाहेर बसायला सांगितलं. "कधी ठीक, कधी गोंधळलेले, असं सुरुवातीला होतं," ते म्हणाले. "खात्रीनं आत्ता सांगता येणार नाही. स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतो. तिथं नंबर लागायला सहा-सात आठवडे जातात. तोवर एकटं ठेवू नका."

"एकटं नको ठेवू म्हणजे कसं, डॉक्टर? मी कामाला जाते."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली.

नणंद दुसऱ्या शहरात राहायची. चाळिशी उलटून गेली तरी घरात ती बेबीच होती, आणि सूनबाई तिला बेबीताई म्हणायची. बेबीताईचा रविवारी फोन यायचा, आणि त्यात पंधरा मिनिटं सल्ले असायचे. या वेळी मात्र ती नुसतं बोलली नाही, तिनं हालचाल केली होती.

"वहिनी, मी एका संस्थेत बोलून ठेवलंय. तुमच्याच शहरात आहे, स्वच्छ आहे, डॉक्टर रोज येतो. त्यांच्याकडे एक जागा होतेय. फॉर्म पाठवलाय तुला. जवळ राहणाऱ्या नातेवाइकाची सही लागते, म्हणजे तुझीच."

"तात्यांना विचारलंत?"

"काय विचारू? विचारून उद्या त्यांच्या लक्षात राहणार आहे का? तू तुझा जीव किती काढशील? दादा असता तर गोष्ट वेगळी होती."

सूनबाईनं कारकुनाकडून फॉर्म छापून घेतला. सगळ्या बायका जेवायला बसल्या होत्या तेव्हा, घडी घातलेल्या चादरींच्या थप्पीवर ठेवून तिनं तो भरला. रुग्णाचं वय, सवयी, स्वतः आंघोळ करतो का, रागावतो का. लिहिताना तिला आधी लाज वाटली, आणि मग अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. खांदे खाली आले. या दुखण्याला नाव मिळालं होतं आणि त्याला शेवटही होता, आणि तो शेवट दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीत होणार होता. तिनं सही केली. कागद पिशवीत घालून ती परत रोलरपाशी उभी राहिली, आणि किती तरी दिवसांनी तिनं त्या दुपारी कोणावरही आवाज चढवला नाही.

फॉर्म पाठवायचा ती दोन दिवस विसरली. म्हणजे विसरली नाही. पिशवीत हात घातला की तो लागायचा.

तिसऱ्या दिवशी फोन आला तो शेजारणीचा नव्हता. एका ऑफिसच्या इमारतीचा रखवालदार बोलत होता. तात्यांच्या खिशातल्या ओळखपत्रामागे तिचा नंबर लिहिलेला होता. "बाई, तुमचे वडील आमच्या लिफ्टमध्ये बसलेत. बाहेर येत नाहीत. लोक खोळंबलेत."

"सासरे," ती म्हणाली, आणि निघाली.

इमारत लाँड्रीपासून दोन स्टॉप लांब होती. ती पोचली तेव्हा लिफ्टचं दार उघडंच होतं आणि तात्या आत, कोपऱ्यात, जमिनीवर बसले होते. पायात घरातल्या स्लिपर. शर्ट छातीला चिकटलेला, कपाळावरून घाम निथळतोय, चेहरा कागदासारखा. दोन बोटांनी ते खालच्या पट्टीवरचा एक स्क्रू पिळायचा प्रयत्न करत होते.

"तात्या, चला."

"चौथ्यावर अडकतेय ही," ते जड जिभेनं म्हणाले. "तो स्क्रू ड्रायव्हर आणायला गेलाय. येईल."

"कोण गेलाय?"

"तुझा नवरा. कधीचा गेलाय. कुठं उंडारतोय कोण जाणे. तू बघ जरा खाली जाऊन."

लिफ्टबाहेर पाच-सहा माणसं उभी होती. कोणी घड्याळ बघत होतं, कोणी तिच्याकडे. सूनबाईच्या पायात सकाळपासून कळा येत होत्या. ती दोन वेळा वाकली, दोन वेळा तात्यांनी तिचा हात झटकला. तिसऱ्या वेळी ती वाकली नाही.

"तो मेला, तात्या," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "तीन वर्षं झाली त्याला मरून. तो येणार नाहीये. मी एकटीच राहिलेय, आणि मला तुमचा कंटाळा आलाय. मला आता खरंच जमत नाही."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत समज नव्हती, पण दुखावल्यासारखं काहीतरी होतं, किंवा तिला तसं वाटलं. बाहेरची माणसं एकेक करून जिन्याकडे वळली.

रखवालदार पोक्त माणूस होता. त्यानं एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या, आणि दोघांनी तात्यांना उचलून त्याच्या खुर्चीवर आणून बसवलं. स्वतःसाठी आणलेला चहा त्यानं तात्यांच्या तोंडाशी धरला. "घ्या. जरा गोड आहे, मला तीन चमचे लागतात."

"त्यांना साखर चालत नाही," सूनबाई सवयीनं म्हणाली. पण तोवर तात्या प्यायले होते, आणि तिच्या अंगात अडवायचं त्राण नव्हतं. ती भिंतीला टेकून जमिनीवरच बसली.

दहा मिनिटं गेली असतील. तात्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. इकडे तिकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे.

"सूनबाई," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मी स्लिपर घालून का आलोय?"

ती बघत राहिली. संध्याकाळी घरी आल्यावर दिसायचे ते हे तात्या होते. पण आत्ता तर सकाळचे अकराच वाजत होते. रोज दुपारी जेवल्यावर ते सुधारायचे. आज जेवले नव्हते, फक्त चहा प्यायले होते. तीन चमच्यांचा. तिनं मनाशी मागचे दिवस उलटून बघितले. गोळी सकाळी सहाला. नाश्ता तोंड दुखतं म्हणून दोन घास. गोंधळ दहानंतर. जेवलं की बरं. ती उठली तेव्हा पाय दुखतायत हे तिच्या लक्षातही नव्हतं.

नेहमीचं औषधाचं दुकान घराच्या कोपऱ्यावर होतं. तिथं एक चष्मेवाली बाई बसायची, ओळख असूनही कधी न हसणारी. साखर बघायचं यंत्र घरी होतं, पण त्याच्या पट्ट्या संपून वर्ष झालं होतं. सूनबाईनं पट्ट्या मागितल्या आणि तात्यांना समोरच्या स्टुलावर बसवून, श्वास न घेता सगळं सांगितलं. बाईनं आपलंच यंत्र काढून तात्यांचं बोट टोचलं. आकडा आला एकसष्ट.

"गोड चहा पिऊन एकसष्ट?" बाईनं चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे त्याआधी किती असेल? गोळी चुकून दोनदा घेतली का?"

"नाही. मी देते. माझ्या हातानं."

"मग जोडीला काय चाललंय? ताप? अँटिबायोटिक? काहीही?"

"काही नाही हो. फक्त दातांच्या डॉक्टरनं तोंडात लावायला मलम दिलंय, ते."

"कुठलं?"

दुसरी ट्यूब संपत आली होती, आज तिसरी घ्यायची म्हणून पहिलीचं खोकं तिच्या पिशवीत होतं. त्या संस्थेच्या फॉर्मखालून तिनं ते काढलं. बाईनं खोक्यावरचं नाव वाचलं आणि ते पुन्हा तिच्या हातात दिलं नाही.

"किती दिवस?"

"तीन आठवडे होतील."

"देवा," बाई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. तो तसा होऊ शकतो हे सूनबाईला माहीत नव्हतं. "हे बघा, तोंडात लावलं तरी ते पोटात जातंच. यांची जी साखरेची गोळी आहे ना, ती रोजची रोज शरीरातून निघून जायला हवी. हे मलम तिला निघू देत नाही. कालची शिल्लक, त्यावर आजची. एका गोळीचं काम दोन-तीन गोळ्यांइतकं होतं. त्यात तोंड दुखतं म्हणून खाणं कमी. साखर खाली गेली की माणूस असाच वागतो, प्यायल्यासारखा, भ्रमिष्टासारखा. आणि ब्लडप्रेशरची यांची गोळी अशी आहे की ती छातीतली धडधड, हातांची थरथर झाकून टाकते. घाम तेवढा राहतो."

"घाम यायचा," सूनबाई म्हणाली. "शर्ट पिळावा इतका."

"आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या. घरी नाही. ही साखर परत खाली जाणार." बाईनं बिस्किटांचा पुडा फोडून तात्यांच्या हातात दिला. "खा. विचारू नका चालतं का."

तात्या मुकाट्यानं खाऊ लागले. तोंडात चावताना दुखत होतं, तरी खात राहिले.

इस्पितळात त्यांना सलाईन लावलं. दुपारी जेवूनसुद्धा चारला साखर पुन्हा उतरली, तेव्हा तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "बरं झालं घरी नेलं नाहीत." दोन दिवस ठेवून घेतलं. मलम बंद झालं, साखरेची गोळी आधी बंद आणि मग बदलून दुसरी दिली, तोंडासाठी वेगळं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तात्या पलंगावर बसून, शेजारच्या रुग्णाला हजारो माणसं वर पाठवल्याचं सांगत होते. सूनबाई दारात थांबली. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त तिथल्या रिकाम्या पलंगावर आडवं व्हावंसं वाटत होतं. त्या पलंगावरची चादर तिच्याच लाँड्रीतली होती, घडी जरा तिरकी.

नेहमीच्या डॉक्टरांना तिनं फोन केला. "मी तुम्हाला विचारलं होतं, नवीन औषध काही," असं त्यांच्या तोंडून निघालं, आणि लगेच, "पण त्या वेळी तोंड उघडून बघायला हवं होतं मी. सकाळची साखरही बघायला हवी होती." दातांचा डॉक्टर मात्र तिच्यासमोर लाल झाला, विचारायला हवं होतं म्हणाला, तात्यांच्या कागदावर काहीतरी मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि बाहेर रांग होती म्हणून ती निघाली. तिच्या मनात डॉक्टरांना दिलेलं ते "नाही" राहून राहून वाजत होतं. कोणी तिला दोष दिला नाही. त्यानं काही फरक पडत नव्हता.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, रविवार होता, तिनं फॉर्म तात्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"सही तुझी?"

"हो."

"'रागावतो का' मध्ये 'कधी कधी' लिहिलंयस." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "मला राग येतोय का ते बघतोय. येतोय थोडा."

"यायलाच हवा. आणखी एक आहे." मग तिनं लिफ्टमध्ये काय बोलली ते सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. 'मेला' हासुद्धा नाही.

तात्या खिडकीबाहेर बघत होते. "मला यातलं काही आठवत नाही. तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगितलं. मला एकटीला ते सांभाळायचं नव्हतं."

बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं.

"तीन वर्षांत तू एकदाही म्हणाली नाहीस, कंटाळा आला म्हणून," तात्या म्हणाले. "मला वाटायचं, तुला येतच नाही. माझी सोय होती ना त्यात. एखादी लिफ्ट कुरकुर न करता चालते, तोवर तिच्याकडे कोण बघतं?" ते थांबले. "खरं बोललीस तू. जरा वेळ चुकली, एवढंच."

मग त्यांनी स्वतः फोन लावला. बेबीताईचा आवाज पलीकडून सूनबाईला ऐकू येत होता: अरे वा तात्या, कसे आहात, मी तर घाबरूनच गेले होते. तात्यांनी तिला पुरतं बोलू दिलं.

"बेबी, तुझी ती संस्था चांगली असेल. लागली कधी तर मीच जाऊन बघेन, तुम्ही परस्पर नाही. आत्ता तू ये."

"येते ना तात्या, पुढच्या महिन्यात एखादा शनिवार..."

"शनिवार नाही. बाडबिस्तरा घेऊन ये. माझ्या गोळ्या बदलल्यात, रोज चार वेळा बोट टोचायचंय, आणि तुझ्या वहिनीला झोप हवीय. ती सून आहे माझी, तू मुलगी आहेस. हिशेब तू कर."

"तात्या, मला अशी रजा नाही मिळत..."

"फॉर्म पाठवायला मिळाली होती की."

सूनबाईनं फोन घ्यायला हात पुढे केला, सवयीनं, काहीतरी सावरायला. तात्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तिनं हात मागे घेतला.

बेबीताई पंधरा दिवसांसाठी आली. पहिल्या दिवशी तोंड फुगवून होती, दुसऱ्या दिवशी वहिनीचे पाय बघून एकदम रडायला लागली. सूनबाईला तिची समजूत काढायची इच्छा झाली नाही, आणि तिनं काढली नाही. लाँड्रीत तिनं आठवड्याची रजा टाकली. कारकुनानं काही न विचारता मंजूर करून घेतली.

रजेच्या पहिल्या सकाळी तिला जाग आली, तेव्हा उन्हं पलंगापर्यंत आली होती. स्वयंपाकघरात बापलेकीची जुंपली होती.

"आधी बोट, मग गोळी, तात्या! कागदावर लिहिलंय!"

"मला वाचता येतं. तू सुई उलटी धरलीयस."

"नाही धरली."

"धरलीयस. वहिनीला विचार."

"वहिनी झोपलीय. तिला उठवायचं नाही."

"मग मला दे इकडे, मी टोचतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, बेबीताई ओरडली. मग तात्यांनी आकडा वाचला, एकशे अठरा. सूनबाईनं तो ऐकला, कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले.